बाबांची प्रोस्टेट आणि काकांचा फॉरवर्ड

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्री अडीचला आईनं माझ्या खोलीचं दार वाजवलं. "बाबांना संध्याकाळपासून लघवी झालेली नाही. जरा येतेस?"

बाबा पलंगाच्या कडेला दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते. बेंबीखाली नारळाएवढा फुगवटा दिसत होता. मला बघून त्यांनी लगेच सदरा खाली ओढला. तेवढ्या वेदनेतही मुलीसमोर लाज! दांडिया बाजारातून रिक्षा मिळायला पंधरा मिनिटं लागली आणि त्या पंधरा मिनिटांत बाबा एक शब्द बोलले नाहीत. इमर्जन्सीत नळी टाकली आणि पिशवीत ९०० मिलीलीटर लघवी जमा झाली. एरवी माणसाला चारशे-पाचशेलाच उठावं लागतं. बाबांनी डोळे मिटले आणि "हुश्श" म्हणाले. तो "हुश्श" मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. प्रोस्टेट ५८ ग्रॅम. तरुण वयात ती साधारण वीस ग्रॅमची, अक्रोडाएवढी असते. "वयानुसार होणारी साधी वाढ आहे, कॅन्सर वाटत नाही," असं यूरोलॉजिस्ट म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "त्रास कधीपासून आहे?"

बाबा म्हणाले, "काही विशेष नाही." आई म्हणाली, "चार वर्षं."

मी दोघांकडे बघत राहिले. चार वर्षं! मग एकेक गोष्ट जुळायला लागली. मंडळाच्या नाटकाला बाबा कडेचीच खुर्ची धरायचे आणि मध्यंतराआधीच उठायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना नाटक आवडत नाही. पुण्याला जाताना बसचं नाव काढलं की चिडायचे, रेल्वेच हवी, कारण रेल्वेत संडास असतो. चुलत भावाच्या लग्नाला कोल्हापूरला आले नाहीत, गुडघ्याचं कारण सांगितलं. रात्री चार-चार वेळा उठायचे आणि "या वयात झोप कमीच होते" असं म्हणायचे. मी मायक्रोबायोलॉजी शिकले, तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते, दिवसभर इतरांच्या लघवीचे रिपोर्ट बघते. घरातलं मात्र मला काही दिसलं नव्हतं.

फॉरवर्ड आला

बाबा नळी लावलेल्या अवस्थेत घरी आले. त्याच संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर मोठ्या काकांनी एक फॉरवर्ड टाकला. त्याचा मथळा असा होता: प्रोस्टेट वाढण्यामागे व्हायरस! संबंधातून पसरणाऱ्या विषाणूंचा त्यात उल्लेख होता. खाली काकांनी लिहिलं होतं, "अरे, तू मस्कतला दोन वर्षं होतास ना?" पुढे हसणारं तोंड.

काकांचा स्वभाव थट्टेखोर, त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण आत्यानं ते खरं धरलं. दुसऱ्या दिवशी भेटायला आली तेव्हा आईला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याचा टॉवेल वेगळा ठेव हो. आणि तूही एकदा तपासून घे." आई काही बोलली नाही. बाबांनी आतून ऐकलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मस्कतची नोकरी बाबांनी माझ्या शिक्षणासाठी केली होती. एका खोलीत सहा जण राहून पैसे पाठवले होते. त्या दोन वर्षांकडे कोणी असं बोट दाखवावं, हे मला सहन झालं नाही. पण नुसतं रागावून उपयोग नव्हता. प्रश्न शास्त्राचा होता आणि माझ्या विषयातला होता. प्रोस्टेट वाढण्यात विषाणूंचा हात असतो का? पुढचे तीन आठवडे रात्री जेवणं झाली की मी शोधनिबंध वाचत बसले. जे हाती लागलं ते इथे सांगते आहे, कारण असा फॉरवर्ड उद्या तुमच्याही घरी येऊ शकतो.

आधी, नक्की काय ठाऊक आहे

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेभोवती असलेली ग्रंथी आहे. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. उतारवयात तिचा नेमका नलिकेला लागून असलेला भाग वाढतो, म्हणून नलिका दाबली जाते. धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. निधनानंतर केलेल्या तपासण्यांत असं दिसलं आहे की पन्नास ते साठ या वयात निम्म्या पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ असते आणि ऐंशीच्या पुढे दहांतल्या जवळजवळ नऊ जणांत. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. या वाढीचा पुढे कॅन्सर होत नाही.

या वाढीला दोन गोष्टी लागतात: वय आणि पुरुष हार्मोन. याचे पुरावे भक्कम आहेत. चीनच्या राजवाड्यात लहानपणी वृषण काढलेले सेवक असत. त्यांतले २६ जण म्हातारपणी तपासले गेले, तेव्हा त्यांच्या प्रोस्टेट अगदी लहान किंवा हाताला न लागण्याइतक्या होत्या. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत टेस्टोस्टेरॉनचं अधिक तीव्र रूप शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. त्यांचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्या पुरुषांची प्रोस्टेट आयुष्यभर लहानच राहते. याच धाग्यावरून फिनास्टराइड हे औषध आलं. अमेरिकेत त्याला १९९२ साली मान्यता मिळाली. कुत्र्यांतही वयानुसार प्रोस्टेट वाढते, पण लहानपणी नसबंदी करून वृषण काढलेल्या कुत्र्यांत नाही.

मग विषाणूचा प्रश्न आला कुठून?

संशय वेडगळ नाही

काकांचा फॉरवर्ड अगदीच हवेतला नव्हता, हे मला कबूल करावं लागलं. हार्मोन सगळ्याच पुरुषांत असतं, मग एकाची ग्रंथी तीस ग्रॅमवर थांबते आणि दुसऱ्याची शंभरावर का जाते? इथे दाहाचा धागा पुढे येतो. ड्युटॅस्टराइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत आठ हजारांहून जास्त पुरुषांच्या प्रोस्टेटचे बारीक तुकडे तपासले गेले. तीन चतुर्थांशांहून अधिक जणांत जुनाट दाह सापडला, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी तिथे तळ ठोकून होत्या. दुसऱ्या एका चाचणीत असा दाह असलेल्यांचा त्रास पुढे वाढण्याचं प्रमाण जास्त दिसलं. या पेशी जी रसायनं सोडतात, त्यांतली काही आजूबाजूच्या पेशींना वाढायला उद्युक्त करतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

संरक्षक पेशी आल्या म्हणजे कोणीतरी घुसखोर असला पाहिजे, असा विचार साहजिकच मनात येतो. तो जीवाणू असेल, विषाणू असेल, किंवा लघवीच मागे शिरून खुपत असेल. शरीर स्वतःच्याच पेशींवर चिडलेलं असणंही शक्य आहे. यांपैकी विषाणू हा एक संशयित.

आणि असे संशय पूर्वी खरे ठरले आहेत. जठराच्या अल्सरला तिखट आणि चिंता कारण, असं डॉक्टरही म्हणत. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरानं १९८४ साली स्वतः जीवाणूंचं द्रावण पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. पुढे २००५ साली रॉबिन वॉरन यांच्यासह त्याला नोबेल मिळालं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू आहे, हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. त्या शोधाचं फळ आपल्याच माणसांपर्यंत पोचलं आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ४९७ गावांतल्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. विषाणूवरचा आरोप सिद्ध झाला की असा फायदा होतो. म्हणून शास्त्रज्ञ प्रोस्टेटमध्ये विषाणू शोधतात, त्यात चूक काहीच नाही.

"सापडला" म्हणजे काय?

१९९० साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी पीसीआर हे तेव्हाचं नवं तंत्र वापरून प्रोस्टेटमध्ये एचपीव्हीचे जनुकीय अंश सापडल्याचं जाहीर केलं. कॅन्सरच्या ऊतींतही आणि साध्या वाढीच्या ऊतींतही. मग इतरांनी शोधलं. काहींना सापडले, काहींना अजिबात नाहीत. नागिणीच्या कुळातले विषाणू, एप्स्टाइन-बार विषाणू, बीके विषाणू यांच्याबाबतही कधी आहे, कधी नाही, असाच प्रकार दिसतो.

असं का, हे मला माझ्या लॅबमुळे कळलं. पीसीआर म्हणजे जनुकाच्या एका तुकड्याच्या प्रती काढत जाणं. दर फेरीला दुप्पट, तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर. त्यामुळे अंश मात्र विषाणूही दिसतो, आणि अंश मात्र चूकही दिसते. म्हणून प्रत्येक वेळी आम्ही एका नळीत नमुन्याऐवजी नुसतं पाणी घालतो. ती निगेटिव्हच यायला हवी. एकदा ती पाण्याची नळी पॉझिटिव्ह आली. कुठून तरी, कोणाच्या तरी हातमोज्यावरून, एक कण आला होता. आमच्या सरांनी त्या दिवशीचा एकही रिपोर्ट बाहेर जाऊ दिला नाही, सगळी तपासणी पुन्हा केली. पेशंट ओरडले, मालक ओरडले. सर म्हणाले, "पाण्याला आजार झालाय, तो आधी बरा करू."

प्रोस्टेटच्या बाबतीत अडचणी आणखी आहेत. वाढलेली प्रोस्टेट बऱ्याचदा मूत्रनलिकेतून दुर्बीण घालून खरवडतात. एचपीव्ही मूत्रनलिकेत राहू शकतो. म्हणजे बाहेर येणाऱ्या तुकड्याला वाटेतच विषाणू चिकटला तर? दुसरी अडचण तुलनेची. सत्तरीच्या निरोगी माणसाची प्रोस्टेट कोण काढून देणार? तिसरी अडचण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. बहुतेक अभ्यास कॅन्सरसाठी केलेले आहेत आणि त्यांत साध्या वाढीच्या ऊती "निरोगी" म्हणून तुलनेला घेतल्या आहेत. ज्याची चौकशी करायची, त्यालाच साक्षीदार म्हणून उभं केल्यासारखं हे झालं!

आणि विषाणू खरोखर तिथे असला, तरी त्यानंच वाढ घडवली हे सिद्ध होत नाही. एप्स्टाइन-बार विषाणू जगातल्या दहांतल्या नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात मुकाट राहत असतो.

उंदरातून आलेला विषाणू

या सगळ्या वाचनात एक गोष्ट मला फार लागून राहिली. ती साध्या वाढीची नाही, प्रोस्टेटच्या कॅन्सरची आहे, पण धडा तोच आहे.

२००६ साली अमेरिकेतल्या नावाजलेल्या शास्त्रज्ञांनी प्रोस्टेटच्या गाठींत एक नवा विषाणू सापडल्याचं जाहीर केलं. त्याचं नाव एक्सएमआरव्ही. तो उंदरांच्या विषाणूंच्या कुळातला होता. २००९ साली दुसऱ्या एका गटाला तोच विषाणू सततच्या थकव्याच्या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात सापडला. वर्षानुवर्षं "तुम्हाला काही झालेलं नाही" असं ऐकणाऱ्या त्या रुग्णांना वाटलं, अखेर कारण मिळालं. काहींनी एचआयव्हीची औषधं घ्यायला सुरुवात केली. काही देशांनी अशा रुग्णांचं रक्त घेणं थांबवलं.

मग इतरांना तो सापडेना. अखेर २०११ साली उलगडा झाला. १९९०च्या दशकात एका माणसाच्या प्रोस्टेटची गाठ अभ्यासासाठी उंदरांच्या शरीरात वाढवली गेली होती. त्या उंदरांच्या जनुकांत सुप्त असलेले दोन विषाणूंचे तुकडे तिथे एकमेकांना जोडले गेले आणि एक्सएमआरव्ही जन्माला आला, प्रयोगशाळेत. त्या गाठीच्या पेशी अनेक लॅबमध्ये वापरल्या जात होत्या. तिथून तो नमुन्यांत शिरत गेला. २०११च्या डिसेंबरात थकव्याचा शोधनिबंध मागे घेतला गेला, २०१२ साली प्रोस्टेटचाही.

ते लोक लबाड नव्हते. त्यांच्या पाण्याच्या नळीनं त्यांना दगा दिला होता, एवढंच. पण तेवढ्यात कितीतरी घरांत आशा आणि भीती दोन्ही पोचल्या होत्या. हे वाचताना मला आत्याचा टॉवेल आठवला.

मग उत्तर काय?

माझ्या वाचनातून निघालेलं उत्तर असं. प्रोस्टेट वाढण्यामागे वय आणि हार्मोन आहेत, हे पक्कं. दाहाचा त्यात हात असावा, याला बराच आधार आहे. तो दाह विषाणू पेटवतो, हा एक रास्त संशय आहे, पण सिद्ध झालेला नाही. एकाही विषाणूचं नाव आज गुन्हेगार म्हणून घेता येत नाही. त्यामुळे विषाणूवरची औषधं देऊन या वाढीवर उपचार करत नाहीत. ही वाढ स्पर्शानं, टॉवेलनं, संडासातून किंवा संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. आणि वाढलेल्या प्रोस्टेटवरून कोणाच्या चारित्र्याबद्दल काहीही सांगता येत नाही.

पण आमच्या घरच्या गोष्टीत एक विषाणू खरंच होता! तपासायला गेले तेव्हा यूरोलॉजिस्टनी विचारलं, "दोन दिवसांत कुठली नवी गोळी घेतली?" बाबांना सर्दी झाली होती. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून दिवसातून तीनदा घेत होते. पत्ता उलटा करून बघितला: फेनिलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. पहिलं औषध नाक मोकळं करतं, पण मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतं. दुसरं औषध शिंका थांबवतं, पण मूत्राशयाचा जोर कमी करतं. वाट आधीच अरुंद, त्यात दार आवळलं आणि ढकलणाराही थकला. लघवी तुंबली. डॉक्टरांनी दिलेलं टॅमसुलोसिन नेमकं उलट काम करतं, तेच स्नायू सैल सोडतं. तीन दिवसांनी नळी काढली आणि बाबांना स्वतःहून लघवी झाली. आईनं देवापुढे दिवा लावला.

म्हणजे सर्दीच्या विषाणूनं प्रोस्टेट वाढवली नव्हती, फक्त चार वर्षं लपवलेली गोष्ट एका रात्रीत उघडी पाडली होती.

तुमच्या घरासाठी

हा अंक वाचणारे बरेच जण माझ्या वयाचे आहेत आणि त्यांचे वडील साठीच्या आसपास. तेव्हा काही गोष्टी सांगते.

वडील सांगणार नाहीत, हे धरून चाला. रात्री किती वेळा उठतात, प्रवास टाळतात का, कडेची खुर्ची धरतात का, एवढं बघा. डॉक्टरांकडे यासाठी सात प्रश्नांची एक ठरलेली यादी असते. गेल्या महिन्यातला त्रास विचारून प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण देतात. बेरीज सातपर्यंत असेल तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, त्यापुढे तीव्र. बाबांची बेरीज बावीस आली होती.

लघवी अजिबात होत नसेल, लघवीत रक्त दिसलं, किंवा थंडी वाजून ताप आणि लघवीला त्रास असेल, तर सकाळची वाट बघू नका.

सर्दीची, ॲलर्जीची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात की प्रोस्टेटचा त्रास आधी सांगा. झोपायच्या दोन तास आधीपासून पाणी-चहा कमी करा, पण त्रास नको म्हणून दिवसभर पाणी तोडू नका. पीएसए ही रक्ततपासणी संसर्गानं किंवा नळी घातल्यानंही वाढलेली येते. ती कधी करायची हे डॉक्टरांना ठरवू द्या, आकडा बघून घाबरू नका.

काकांच्या फॉरवर्डला उत्तर मी लिहून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. टाकायच्या आधी बाबांना वाचून दाखवलं. उंदराची गोष्ट त्यांना आवडली, पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाले, "अगं, एवढं कोण वाचणार? दे इकडे." आणि चष्मा लावून, एका बोटानं, त्यांनी स्वतः लिहिलं: "दादा, प्रोस्टेट संसर्गजन्य नाही. मस्कतमध्ये फक्त खजूर मिळाले. तू रात्री किती वेळा उठतोस?"

दोन दिवस काकांचं उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ग्रुपवर नाही, थेट बाबांना फोन केला. दार लावून दोघं अर्धा तास बोलत होते. बाहेर येऊन बाबांनी मला विचारलं, "ती सात प्रश्नांची यादी दादाला पाठवता येईल का गं?"